नदीकाठची पहाटेची पायवाट आणि धबधबे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीच्या काठाकाठाने जाणारी वाट, वाटेत दोन-चार धबधबे आणि उजाडायच्या आत निघायचा बेत, एवढं जुळलं की प्रश्न सुरू होतात. तेच ते पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. ही कुठल्याही एका नदीची माहिती नाही. प्रश्नांना आकडे दिलेत ते एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता यावं म्हणून. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ७, ८ आणि ९ वाचूनच घराबाहेर पडा.

१. पहाटेच कशाला? आठ-नऊला निघालं तर काय बिघडतं?

बिघडत काहीच नाही. पण पहाटे वारा पडलेला असतो, डोहाच्या पाण्यावर सुरकुती नसते, पक्षी सगळ्यांत जास्त बोलतात ते याच वेळी, आणि वाटेवर गर्दी नसते. हे झालं मनाला बरं वाटणारं. माझ्या लेखी खरा फायदा हिशोबाचा आहे : पहाटे निघालेल्याच्या हाताशी उजेडाचे भरपूर तास शिल्लक असतात. पाय मुरगळला, वाट चुकली, कुणी मागे राहिलं, तरी सावरायला दिवस पडलेला असतो. उन्हाने तापून दुपारनंतर उठणारी वादळी सरही तोवर टळलेली असते.

तोटेही आहेत. कातळ दवाने ओला असतो, थंडी असते आणि सुरुवात अंधारात होते. आदल्या रात्री नीट झोप झाली नसेल तर पहाटेचा हट्ट धरू नका. पेंगुळलेल्या पायांना ओला दगड ओळखू येत नाही.

२. मग नेमकं किती वाजता निघायचं?

घड्याळावरून ठरवू नका, सूर्योदयावरून मागे मोजा. सूर्य क्षितिजाच्या खाली ६ अंशांवर आला की टॉर्चशिवाय वाट दिसण्याइतका संधिप्रकाश असतो. विषुववृत्ताजवळ तो सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी येतो. जसजसं उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकाल तसतसा हा वेळ वाढतो. वाटेचा सुरुवातीचा भाग रुंद आणि ओळखीचा असेल तर अंधारात निघायला हरकत नाही. पहिली अरुंद कड, पहिला ओढा, पहिला ओला कातळ उजेडात यावा, एवढंच जमवा.

आणखी एक. पंचांगात किंवा मोबाइलवर दिसतो तो सूर्योदय मोकळ्या क्षितिजाचा. दरीच्या तळाशी ऊन उतरायला त्यानंतर तास-दोन तास सहज लागतात. खोल घळीत तर दहा वाजले तरी सावलीच असते.

३. किती वेळ लागेल हे आधी कसं काढायचं?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो अजून चालतो : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटरची वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर अडीच तास. हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. नदीकाठी तो कमीच पडतो, कारण दगडधोंडे, मुळं, चिखल आणि दर वळणावर थांबायचा मोह. मी सरळ दीडपट धरतो.

मुक्कामी पोहोचायच्या वेळेपेक्षा परत फिरायची वेळ महत्त्वाची. ती घरीच ठरवा आणि सोबतच्यांना सांगून ठेवा. (ती वेळ मोडायचा मोह होतो तेव्हा काय, यासाठी प्रश्न १९.)

४. हवामानात १८ अंश दाखवत होतं, दरीत मात्र दात वाजत होते. असं का?

थंड हवा जड असते. रात्रभर ती उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते आणि नदीच्या वाटेने खाली वाहत राहते. त्यात दिवसाचं सगळ्यांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते उजाडता उजाडता, बहुधा सूर्योदयानंतर थोड्याच वेळात असतं. म्हणजे तुम्ही नेमके सगळ्यांत गार जागी सगळ्यांत गार वेळी पोहोचता. धबधब्याजवळ तुषारांनी कपडे दमट होतात आणि वर वारा लागतो, ते वेगळंच.

उपाय जुनाच आहे : पातळ कपड्यांचे दोन-तीन थर. सुती नकोत. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटून बसतं आणि लवकर वाळत नाही. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं कापड भिजूनही थोडीफार ऊब देतं. कोरडे मोजे आणि एक बनियन घट्ट बंद पिशवीत वेगळे ठेवा, आणि परतीच्या वाटेवर लागेपर्यंत त्यांना हात लावू नका.

५. बूट कोणते घालू? वॉटरप्रूफ घेऊ का?

किमतीपेक्षा तळ पाहा. खोल खाचांचा आणि मऊ रबराचा तळ ओल्या दगडावर धरतो. झिजलेला किंवा कडक प्लास्टिकसारखा तळ घसरतो, मग वरचा बूट कितीही भारी असो. वॉटरप्रूफ बूट दवासाठी आणि चिखलासाठी उत्तम. पण एकदा वरून पाणी आत शिरलं की ते तितक्याच इमानाने आत धरून ठेवतात. वाट पाण्यातूनच जात असेल तर पाणी निथळून जाईल असे जाळीदार बूट बरे. नवे बूट या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

बूट कुठलाही असो, शेवाळापुढे त्याचं चालत नाही. काळपट, गुळगुळीत, किंचित चकाकणारा कातळ दिसला की तो कोरडा वाटला तरी ओलाच समजायचा. खडबडीत, फिकट दगडावर पाय टाका, आणि टाच आधी न टेकता पूर्ण पाऊल सपाट टेकवा. एका पहाटे मी अशाच एका काळ्या दगडावर ऐटीत टाच टेकवली होती. पुढच्या क्षणी मी बसलो होतो आणि टॉर्च डोहाच्या तळाशी जळत होता. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे गोटे मोजता आले असते. टॉर्च मात्र काढता आला नाही.

६. टॉर्च लावला की धुक्यात पांढरी भिंतच दिसते. काय करू?

डोक्यावरचा टॉर्च काढून हातात घ्या आणि कमरेच्या उंचीवर धरा. डोळ्यांजवळून निघालेला उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून थेट डोळ्यांत परत येतो. खालून धरला की तो त्रास कमी होतो, आणि दगडांच्या सावल्या पडून खड्डा कुठे, उंचवटा कुठे हेही कळतं. उजेड वाढवू नका, कमी करा. थांबल्यावर शक्य असेल तर लाल दिवा वापरा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती क्षणात जाते.

७. पाणी वाढतंय हे कसं ओळखायचं?

यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, सवय लागते. काठावर पोहोचलात की पाण्याच्या कडेला एक काटकी उभी खोचा, किंवा अर्धा बुडालेला एखादा दगड नजरेत धरून ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. मी एकदा ज्या दगडावर बसून मोजे बदलले, त्याच्या पायथ्याशी वाळलेल्या पानांची एक रेघ होती. फोटो काढून परतलो तेव्हा ती पानं सुटून गोल गोल फिरत होती. दगड अजून कोरडाच होता, आकाश निळंशार होतं. पानांची रेघ पाहिली नसती तर मी तिथे आणखी अर्धा तास निवांत बसलो असतो.

बाकीच्या खुणा : नितळ पाणी अचानक गढूळ होणं, ताज्या हिरव्या पानांसकट फांद्या वाहत येणं, खळाळाचा आवाज जड होत जाणं, मधले दगड दिसेनासे होणं, पाण्याला ओल्या मातीचा वास येणं. यातली एक जरी दिसली तरी आधी सामान उचला, चढावर उंच जा आणि मग विचार करा. काठाने खालच्या दिशेला पळू नका. पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं.

८. डोक्यावर ढग नाही, रात्रभर पाऊस नाही. मग पूर कुठून येणार?

वरून. तुम्ही उभे आहात ते नदीचं एक टोक आहे. तिचं पाणलोट क्षेत्र डोंगरापलीकडे कित्येक किलोमीटर पसरलेलं असू शकतं आणि तिथे काल संध्याकाळी कोसळलेली सर तुमच्यापर्यंत आज पहाटे पोहोचते. दुसरं कारण धरण. वर धरण किंवा वीजप्रकल्प असेल तर पाणी कधीही सोडलं जाऊ शकतं. भोंगा वाजलाच तरी तो धबधब्याच्या आवाजात ऐकू येईलच असं नाही. तिसरं, वर झाडं-दगड अडकून साचलेलं पाणी एकदम फुटून येतं. नदी अचानक नेहमीपेक्षा आटल्यासारखी वाटली तर खूश होऊ नका, हे कारण आठवा.

हिमनदीतून आलेल्या नद्यांचं गणित वेगळं. तिथे दिवसभर बर्फ वितळतं आणि पाणी दुपार-संध्याकाळी सर्वांत जास्त असतं, पहाटे सर्वांत कमी. म्हणून अशा नदीत पहाटे घोट्याएवढा असलेला ओढा परतताना मांडीएवढा झालेला असतो. येताना ओलांडला म्हणून जाताना ओलांडता येईलच, हा हिशोब तिथे चालत नाही.

९. वाट ओढ्यातून पलीकडे जाते. ओलांडू की नको?

पहिलं उत्तर : शंका आली तर नको. वेगाने वाहणारं फक्त १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उपटू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणून खोली सारखीच दिसली तरी कालचा ओढा आणि आजचा ओढा वेगळे.

तळ दिसत नसेल, दगड तळाशी गडगडल्याचा आवाज येत असेल, किंवा पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर परत फिरा. खालच्या अंगाला धबधबा, घळ किंवा आडवी पडलेली झाडं असतील तर पाणी घोट्याएवढं असलं तरी तिथे ओलांडू नका. पाय घसरला तर कुठे जाऊन अडकणार, हे आधी पाहायचं आणि मग खोली.

ओलांडायचंच ठरलं तर जागा शोधा. नदी जिथे पसरट होते तिथे ती उथळ आणि संथ असते. चिंचोळी जागा उडी मारण्याजोगी दिसते म्हणून मोह होतो, पण सगळं पाणी तिथूनच घुसत असतं. बूट घालूनच उतरा. पाठपिशवीचे छातीवरचे आणि कमरेवरचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी झटकता येईल. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करा, काठी पुढे रोवा आणि खेकड्यासारखं आडवं सरका. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, पाय किंवा काठी. कमरेला दोर बांधून ओलांडायचा सल्ला अनेक जण देतात. प्रशिक्षण नसेल तर तो विसरा. पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली धरून ठेवतो.

१०. धबधब्याखाली उभं राहिलं किंवा डोहात उतरलं तर चालेल का?

थेट धारेखाली नको. कठीण खडकाखालचा मऊ खडक पाणी कोरत राहतं, वरची कड अधांतरी होते आणि एक दिवस सुटते. बरेचसे धबधबे असेच मागे मागे सरकत आलेले आहेत. पायथ्याशी पडलेले धोंडे वरूनच आलेत. पाण्याबरोबर मुठीएवढा दगड आला तरी पुरे.

डोहाचं म्हणाल तर जिथे धार पडते तिथलं फेसाळ पाणी फसवं असतं. त्यात इतकी हवा मिसळलेली असते की अंग नेहमीसारखं तरंगत नाही, आणि खालून उलटा फिरणारा प्रवाह माणसाला पुन्हा पुन्हा धारेखाली ओढतो. चांगल्या पोहणाऱ्यांचंही तिथे काही चालत नाही. शिवाय पहाटेचं पाणी गार. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात एकदम शिरलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड त्या वेळी पाण्याखाली असलं तर संपलंच. पहिलं मिनिट निव्वळ श्वास आवरण्यात जातं. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं.

पाय बुडवून बसायचं असेल तर धारेपासून लांब, डोहाच्या संथ तोंडाशी बसा. त्यातही मजा आहे. सूर मात्र कुठेच मारू नका. मागच्या वर्षी खोल होतं हे उत्तर नाही, मधल्या काळात नदीने तळ बदललेला असतो.

११. वरून, माथ्यावरून खाली बघायचंय. किती जवळ जाता येईल?

ओल्या कातळाच्या अलीकडे थांबायचं. कडेकडचा कातळ बाहेरच्या बाजूला उतरता असतो आणि पाण्याने घासून काचेसारखा झालेला असतो. तिथे पाय सुटला की हाताला काही लागत नाही. कठड्याच्या पलीकडे कुणी उभं दिसलं म्हणून जागा सुरक्षित होत नाही. आणि माथ्याजवळ ओढा ओलांडायचा प्रश्नच नाही (प्रश्न ९).

१२. फोटोत धबधब्यावर इंद्रधनुष्य दिसतं. आम्ही गेलो तेव्हा का नव्हतं?

बहुतेक तुम्ही उलट्या बाजूला उभे होता. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, तुमच्या डोक्याच्या सावलीभोवती ४२ अंशांवर दिसतं. सूर्य पाठीशी हवा आणि तुषारांवर ऊन पडायला हवं. म्हणून सकाळी पूर्वेकडे तोंड करून कोसळणाऱ्या धबधब्यावर ते दिसतं, पश्चिमेकडे तोंड असलेल्यावर दुपारनंतर. ऊन दरीत उतरायच्या आत (प्रश्न २) ते दिसणारच नाही, त्यामुळे फार पहाटे पोहोचलात तर वाट बघा. उंचावरून खाली तुषारांकडे पाहता आलं तर कमानीऐवजी जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसतं.

पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशातही धनुष्य पडतं. व्हिक्टोरिया धबधबा आणि अमेरिकेतला योसेमिटी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. डोळ्यांना ते पांढुरकंच वाटतं, रंग कॅमेरा पकडतो.

१३. पाणी दुधासारखं दिसणारे फोटो कसे काढतात?

कॅमेरा स्थिर ठेवून पाव ते दोन सेकंद शटर उघडं ठेवतात. पहाटेचा कमी उजेड त्यासाठी सोयीचा. तिपाई नसेल तर दगडावर टेकवा आणि टायमर लावा. पोलरायझर फिल्टरने ओल्या दगडांवरची चकाकी जाते. भिंग दर दोन मिनिटांनी पुसायला कोरडं कापड हवंच. मला स्वतःला ते दूध आवडत नाही. धबधबा कापसासारखा दिसला की त्याचा आवाज गेल्यासारखा वाटतो.

१४. पाणी इतकं स्वच्छ दिसतं. प्यायलं तर?

डोळ्यांना दिसत नाही तेच बाधतं. वरच्या वळणावर काय मेलंय, कुठलं जनावर पाण्यात उभं आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, २००० मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं. क्लोरिनच्या गोळ्या जिवाणूंना पुरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यांना दाद देत नाही. जिआर्डिया या दुसऱ्या परजीवीचा त्रास तर आठवड्याभराने सुरू होतो, तेव्हा नदी आठवतही नाही. एका सकाळच्या फेरीसाठी घरून पाणी नेणं सगळ्यांत सोपं.

पायाला जखम असेल तर पावसानंतरच्या साचलेल्या, गढूळ पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येतो आणि कापलेल्या त्वचेतून अंगात शिरतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा.

१५. धबधब्याखाली पिवळट फेस साचलाय. प्रदूषण आहे का?

असेलच असं नाही. कुजलेल्या पानांतून सुटणारे पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि धबधबा त्यात हवा घुसळतो, म्हणून फेस येतो. तो मळकट असतो आणि त्याला मातीसारखा वास असतो. पांढराशुभ्र, साबणासारख्या वासाचा फेस असेल तर शंका घ्या.

१६. वाटेत शौचाला जायची वेळ आली तर?

पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर लांब, म्हणजे साधारण ८० पावलं, चढाच्या बाजूला. १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि नंतर बुजवा. कागद पिशवीत घालून परत न्या. अरुंद घळीत ६० मीटर मिळतच नाहीत, म्हणून वाट घळीत शिरण्यापूर्वीच उरकून घ्या.

१७. वाट चुकलो तर नदी धरून खाली जायचं, हे खरं ना?

गोष्टींमध्ये खरं. धबधब्यांच्या नदीवर हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. पाणी जिथून उतरतं तिथून माणूस उतरू शकतोच असं नाही. एक छोटा टप्पा घसरत उतरता, मग दुसरा, आणि तिसऱ्यावर कळतं की खाली साठ फुटांचा कडा आहे आणि मागचे दोन टप्पे परत चढता येत नाहीत. चुकल्याचं लक्षात येताच थांबा. आल्या पावली शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे जा. तेही जमत नसेल तर पाण्यापासून थोडं वर, मोकळ्यावर, दिसाल अशा जागी थांबा.

घळीत मोबाइलवरचा ठिपकाही भरवशाचा नसतो. उपग्रहाचे संकेत कड्यांवर आपटून येतात आणि तो तुम्हाला पलीकडच्या काठावर दाखवतो. मदत मागताना काठ सांगायचा तर खालच्या दिशेला, पाणी जातं तिकडे तोंड करून डावा-उजवा सांगायची पद्धत आहे. फोन लागत नसेल तर एसएमएस पाठवून पाहा, तो कधी कधी जातो. शिट्टी जवळ हवीच : मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. धबधब्याच्या घरघरीत हाका बुडतात, शिट्टीचा बारीक आवाज पार जातो.

१८. सोबतचं कुणी पाण्यात पडलं तर?

मागोमाग उडी मारू नका. काठी, फांदी, दोर, ओढणी, जे हाताला लागेल ते काठावरून पुढे करा किंवा फेका, आणि खालच्या अंगाला धावा, कारण माणूस तिकडेच जाणार. स्वतः पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे आणि वर, प्रवाहाच्या दिशेला, आणि हातांनी काठाकडे वल्हवा. वाहत्या पाण्यात उभं राहायची घाई करू नका. पाऊल दोन दगडांत अडकलं की पाणी पाठीवर चढतं. उथळ, संथ पाण्यात हात तळाला टेकले की मग उठा.

१९. ठरलेली परतायची वेळ झाली, आणि समोरून येणारे म्हणतात मोठा धबधबा अजून वीस मिनिटांवर. जाऊ का?

समोरून येणाऱ्यांची वीस मिनिटं उतारावरची असतील, हे आधी लक्षात घ्या. परतीच्या वाटेवर ओढा असेल, हिमनदीचं पाणी असेल किंवा प्रश्न ७ मधली एखादी खूण दिसली असेल, तर नाही. यातलं काही नसेल, वाट सोपी असेल आणि सगळे ताजेतवाने असतील, तर वीस मिनिटांनी आभाळ कोसळत नाही. मात्र परतायची नवी वेळ तिथल्या तिथे मोठ्याने सांगा आणि ती पुन्हा बदलू नका.

२०. इतक्या लांब गेलो आणि धबधब्याला पाणीच कमी! आमचं काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. पाऊस ओसरून महिना-दोन महिने झाले की छोटे धबधबे नुसते ओघळ उरतात. कधी पाणी वरच वीजनिर्मितीला वळवलेलं असतं. खुद्द नायगारातही हेच चालतं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान २८३२ घनमीटर पाणी कड्यावरून सोडायचं, आणि रात्री व हिवाळ्यात त्याच्या निम्मं सोडलं तरी चालतं. तिथे पहाटे लवकर पोहोचणाऱ्याला गर्दी नसलेला धबधबा मिळतो खरा, पण अर्धाच चालू केलेला असू शकतो.